ऐकतो रे, नंतर!

नवं सिंथपॉप, म्हणजे सिंथेसायझरच्या आवाजांवर उभं असलेलं पॉप गाणं सापडलं की मला राहवत नाही. लगेच लिंक पाठवतो. उत्तर काय? अंगठा. नुसता अंगठा! अरे, गाणं साडेतीन मिनिटांचं आणि अंगठा चार सेकंदांत. ऐकलंस कधी?

चुकून कोणी ऐकलंच, तर कोरस यायच्या आत निकाल: "ऐंशीच्या दशकातलं वाटतंय." वाटणारच ना! रोलँडचा ज्युनो-६० हा सिंथेसायझर १९८२ चा, यामाहाचा डीएक्स७ हा १९८३ चा. आज आपल्या खोलीत बसून गाणी करणारी पोरंही तेच आवाज, निदान त्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या नकला, हौसेनं वापरतात. तीच तर गंमत आहे त्यात! (आणि कोरसआधीच बंद केल्यावर हुक, म्हणजे डोक्यात अडकून बसणारी धून, कळणार कुठून, कपाळ?)

पण खरा संताप पुढेच. काही महिन्यांनी त्याच गाण्याचा तुकडा, वेग वाढवून गायिकेची पार खारूताई केलेला, रीलवर फिरायला लागतो. मग हाच अंगठेबहाद्दर मला पाठवतो, "हे ऐक, भारी आहे. तुला माहीत नसेल."

वर दोन मिनिटांत विचारणा: "ऐकलंस का? काहीच बोलला नाहीस!"