सर्व्हरवरील बदल संध्याकाळपर्यंत का थांबला: आपल्या अभिप्रायास उत्तर

नमस्कार.

आपल्या छापखान्यातील फाइल-सर्व्हरच्या कामाबद्दल आपण लिहिलेला अभिप्राय वाचला. हिशेब विभागातील दोघांना ‘दरपत्रके’ हे फोल्डर खुले केल्याचे आम्ही दुपारी सांगितले, तरी संध्याकाळपर्यंत ते उघडत नव्हते. सर्व्हर रिस्टार्ट केला असता तर दोन मिनिटांत काम झाले असते. आणि जुने झेरॉक्स-स्कॅनर मशीन अजूनही जोडून दिलेले नाही, असे आपले म्हणणे आहे.

आपल्याकडे हिशेबाला विंडोज, डिझाइनला मॅक आणि दोघांनाही फाइली पुरवणारा लिनक्सवरील सांबा सर्व्हर अशी मांडणी आहे. दुपारी आम्ही सेटिंगची फाइल सांबाच्या ‘टेस्टपार्म’ या तपासणी-साधनाने तपासून मगच लागू केली, कारण त्यात एखाद्या पर्यायाचे स्पेलिंग चुकले तर सांबा तेवढी ओळ सोडून देऊन निमूटपणे चालू राहतो आणि बदल झाल्याचा नुसता भास होतो. त्या दोघांची नावे फोल्डर उघडण्याचा अधिकार असलेल्या नव्या ग्रुपमध्येही तेव्हाच घातली होती. मात्र कोण कोणत्या ग्रुपमध्ये आहे हे सर्व्हर लॉगिनच्या वेळी पाहतो, त्यामुळे सकाळपासून जोडलेल्या संगणकाला जुनेच अधिकार राहतात. दोघांनी विंडोजमधून लॉग-ऑफ करून पुन्हा लॉगिन करणे एवढाच त्यावर उपाय होता, आणि तो आम्ही सुचवलाही होता. परंतु जीएसटी विवरणपत्राचा तो शेवटचा दिवस असल्याने हातातले काम सोडता येणार नाही, असे आपल्याच हिशेब विभागाने सांगितले. ते योग्यच होते.

दोन मिनिटांचा आपला अंदाज खरा आहे. पण रिस्टार्टने सर्वांचीच जोडणी एकदम तुटते, आणि त्या वेळी सर्व्हरवर उघड्या असलेल्या फाइली दाखवणाऱ्या ‘एसएमबीस्टेटस’च्या यादीत लेखा सॉफ्टवेअरच्या डेटा-फाइली व डिझाइन विभागाचे लेआउट उघडे दिसत होते. लिहिणे चालू असताना डेटा-फाइल तुटली, तर ती दुरुस्त होईलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही. अशा वेळी रिस्टार्ट करणारा तंत्रज्ञ मी स्वतःच्या कार्यालयातही ठेवणार नाही.

स्कॅनरचे कारण वेगळे आहे. ते मशीन नेटवर्कवरून फाइली देण्याघेण्याची फक्त एसएमबी-१ ही जुनी, असुरक्षित पद्धत जाणते, जी सांबाने २०१९ मध्ये ४.११ आवृत्तीपासून मुळातच बंद ठेवली आहे. ती एका फोल्डरपुरती चालू करण्याची सोय नाही; एसएमबीची किमान कोणती आवृत्ती चालेल ही मर्यादा संपूर्ण सर्व्हरसाठी एकच असते, आणि एका स्कॅनरसाठी ती खाली आणणे मला पटत नाही. आपल्या मशीनमध्ये एफटीपी या फाइली पाठवण्याच्या दुसऱ्या पद्धतीने स्कॅन पाठवण्याची सोय आहे. एफटीपीही फारशी सुरक्षित नव्हे, हे मान्य. पण स्कॅनरसाठी वेगळे खाते उघडले, तर त्याला स्वतःच्या एका फोल्डरपलीकडे काही दिसणार नाही. हे आपणास मान्य असल्यास दूरध्वनीने कळवावे. कामकाज सुरू होण्यापूर्वी सकाळीच येऊन आम्ही ते जोडून देऊ आणि त्या भेटीचे शुल्क आकारले जाणार नाही.