घरी आलेल्याला युकुलेले दाखवताना

'बघायचेत का?' असं पाहुण्याला कधीही विचारू नका. विचारलं की माणसाला नाही म्हणायची सोय होते. त्यापेक्षा त्याला अशा खुर्चीत बसवा, की मान सरळ ठेवली तरी भिंत दिसेल. आमच्याकडे ती खुर्ची ठरलेली आहे. समोरच्या भिंतीवर अकरा युकुलेले, म्हणजे हवाई बेटांवरच्या चार तारांच्या चिमुकल्या गिटारी, टांगलेत आणि टीव्ही खुर्चीच्या पाठीमागे गेलाय. घरच्यांनी महिनाभर कुरकुर केली, आता ते मान वळवून बातम्या बघतात.

तुमच्याकडे तीनच असतील तर पुढचं वाचू नका. तीन युकुलेलेवाला माणूस ते वाजवत असेल, असा लोकांचा समज होतो आणि मग ते वाजवायला सांगतात. पाचाच्या पुढे गेलात की हा धोका कमी होतो. सातव्यानंतर तर लोक फक्त "पुसता कधी हो एवढे?" असं विचारतात.

नजर भिंतीवर गेली तरी लगेच उठू नका. चहा येऊ द्या. हातात गरम कप असलेला माणूस पळून जात नाही. पोहे मात्र आधीच उरकून घ्या. माझ्या कोआ नावाच्या हवाईयन लाकडाच्या युकुलेलेवर एका सद्गृहस्थांच्या अंगठ्याचा हळदतेलातला ठसा आहे, रेषान् रेषा मोजता येतील असा.

सुरुवात उच्चारापासून करावी. पाहुणा 'युकुलेली' म्हणतो. आपण हळुवारपणे 'उकुलेले' म्हणून दुरुस्त करायचं, हवाईत तसंच म्हणतात. फक्त स्वयंपाकघराचं दार लावून घ्या. आमच्याकडे आतून आवाज आला होता, "उकडलेले काय? बटाटे अजून व्हायचेत."

मग इतिहास. ज्या पोर्तुगिजांमुळे आपल्या ताटात पाव आणि बटाटा आला, त्यांच्याच मदेइरा बेटावरची माणसं उसाच्या मळ्यांत राबायला म्हणून 'रेव्हन्सक्रॅग' नावाच्या जहाजातून 23 ऑगस्ट 1879 रोजी हवाईतल्या होनोलुलूला उतरली. त्यांत नुनेस, दियास आणि एस्पिरितु सांतु हे तीन सुतार होते. गावाकडच्या माशेत नावाच्या चिमुकल्या गिटारीवरून त्यांनी हे वाद्य घडवलं आणि तिथल्या कालाकाउआ राजाने ते दरबारात नेलं. 'राजा' हा शब्द आला की पाहुणा कप खाली ठेवतो. मी दोनशे वेळा सांगून खात्री केलेली आहे.

नावाच्या अर्थाचे दोन पर्याय जवळ ठेवा. 'उकु' म्हणजे पिसू आणि 'लेले' म्हणजे उडी, तारांवर बोटं पिसवांसारखी उड्या मारतात म्हणून हे नाव, असं बहुतेक जण सांगतात. हवाईची राणी लिलिउओकलानी मात्र 'इथवर चालत आलेली भेट' असा अर्थ लावत असे. पाहुण्यांसाठी राणीचा अर्थ वापरा. गादीवर बसून पिसू म्हटलं की लोक मांडी खाजवू लागतात. (पाहुण्याचं आडनाव लेले असेल तर हा परिच्छेद गाळावा. मी गाळला नव्हता.)

सोप्रानो, कॉन्सर्ट, टेनर, बॅरिटोन हे चार आकार दोन मिनिटांत आटपा. पाहुण्याला ते 'लहान, जरा लहान, बरा आणि गिटार' असेच दिसणार आहेत. अननसाच्या आकाराचा मात्र हातात द्यावा. कामाका नावाच्या होनोलुलूच्या कारागिराने 1928 साली त्या आकाराचं पेटंट घेतलं होतं, हे सांगताना आवाज थोडा खाली आणावा. कोआबद्दल 'फक्त हवाईतच उगवतं' एवढंच बोला. ते झाड बाभळीच्या भावकीतलं आहे, हे सत्य मी एकदाच वडिलांपुढे बोलून बसलो. तेव्हापासून ते पाहुण्यांना "हा बघा, याचा बाभळीचा संग्रह" अशी ओळख करून देतात.

प्लास्टिकचा युकुलेले असला तर त्यावर चिठ्ठी लावा. मारिओ माकाफेर्री हा नावाजलेला गिटार घडवणारा. त्याने 1949 मध्ये प्लास्टिकचा 'आयलँडर' काढला आणि तो लाखोंनी खपला. माझ्याकडे त्यातला एक आहे. दिवाळीच्या साफसफाईत तो भाच्याच्या फुटक्या क्रिकेट बॅटीबरोबर भंगाराच्या पोत्यात गेला होता. मी जिन्यात गाठलं तेव्हा भंगारवाला तो काट्यावर ठेवून विचारत होता, "यात लोखंड किती?" खुंट्या दाखवून मी तो परत घेतला. वजनाच्या भावाने, रोख देऊन.

किमतीचे दोन आकडे पाठ करा, एक घरच्यांसाठी आणि एक पाहुण्यांसाठी. कस्टम ड्यूटी कुठल्या आकड्यात धरायची हे आधी ठरवा. दोन्ही पक्ष एकाच खोलीत असतील तर 'मित्राने दिला' हे उत्तम. मला अमेरिकेतल्या एका मित्राने आतापर्यंत सहा युकुलेले दिलेत. बायको त्याच्या लग्नात त्याला घसघशीत आहेर करायचा म्हणतेय.

एवढं करूनही कुणी "वाजवा की जरा" म्हणालंच, तर "तारा नवीन आहेत, अजून बसल्या नाहीत" हे उत्तर तयार ठेवा. त्यात खोटं काही नाही. नायलॉनच्या तारा चढवल्यावर आठवडाभर ताणत राहतात आणि सूर उतरतो. माझ्या चार वर्षं बसतायत. हवेवरही ढकलता येतं. लाकडाला साधारण निम्मी आर्द्रता मानवते. मे महिन्यात पुण्याची हवा कोरडीठाक, जुलैत भिंतीला बुरशी, त्यामुळे बारा महिने निमित्त आहे. गिटार शिकणारा कुणी आला तर "वरची तार उलटी लागलीय" म्हणेल. चिडू नका. युकुलेलेची सगळ्यात वरची तार तिच्याखालच्या दोन तारांपेक्षा उंच सुरातच असते, हे त्याला समजावण्यात वीस मिनिटं आरामात जातात.

खरी भीती दोनच पाहुण्यांची. एक, जो स्वतः संग्राहक आहे. असे एक गृहस्थ माझे अकराही युकुलेले शांतपणे बघत बसले, मग म्हणाले, "छान. रविवारी आमच्याकडे या. अडकित्ते आहेत. अठ्ठावीस." गेलो. केळकर संग्रहालयात अडकित्ते बघताना निदान मधूनच बाहेर पडता येतं.

दुसरी, गाणं शिकलेली आत्या. माझ्या आत्याकडे मिरजेचा एकच तंबोरा आहे, चाळीस वर्षांचा, गवसणीत. तिने खुर्चीत बसायला नकार दिला, भिंतीपाशी गेली आणि पहिल्या युकुलेलेच्या चारही तारा अंगठ्याने वरून खाली छेडल्या. "बेसूर ठेवलायस," म्हणाली आणि खुंट्या पिळायला लागली. मी तारांचे सूर जी, सी, ई, ए असतात हे सांगायला गेलो, तेवढ्यात ती म्हणाली, "अरे, पांढरी एकचा सा धरला तर हे प सा ग ध की! भूप आहे हा. रिषभ तेवढा राहिला." तो तिने शोधत शोधत दुसऱ्या तारेवर दुसऱ्या पडद्याशी काढला आणि तिथेच उभ्याने आलाप सुरू केला. चहा थंड झाला. कालाकाउआ राजा सांगायचा राहूनच गेला.

आलाप संपल्यावर तिने पुढचा छेडला. त्याच्या पुढचा छेडला. "सगळे प सा ग धच?"

"बॅरिटोन वेगळा आहे," मी म्हणालो.

"मग दोन पुरले असते." तिने बॅरिटोनवरची धूळ बोटाने ओढली, बोट पदराला पुसलं. "आणि असे उघडे काय ठेवलेस रे? वाद्य आहे ना? मापं दे मला."

पुढच्या महिन्यात अकरा गवसण्या आल्या. जुन्या इरकली लुगड्यांच्या, आत अस्तर, तोंडाशी नाडी, नाडीला गोंडा. आत्या आमच्याच गल्लीत राहते, त्यामुळे त्या काढून ठेवता येत नाहीत. भिंतीवर आता अकरा पिशव्या टांगलेल्या दिसतात आणि पाहुणा विचारतो, "कडधान्य का?"

तेव्हा सल्ला एवढाच, की पाहुणा पाचला येणार असेल तर साडेचारला नाड्या सोडायला बसा. आत्याच्या गाठी निरगाठी असतात.