म्हणे, फक्त दहा डॉलर!

परदेशातले सॉफ्टवेअर डेव्हलपर सगळ्या देशांना एकच दर लावतात: महिन्याला दहा डॉलर, म्हणजे आठशेच्या वर रुपये. त्यावर बँकेचा फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परकीय चलनातल्या व्यवहारावरचं जादा शुल्क, आणि त्या मार्कअपवर पुन्हा १८ टक्के जीएसटी! तेवढ्यात सदाशिव पेठेतल्या मेसमध्ये आठवडाभराची दुपारची जेवणं होतात. "आम्ही छोटे डेव्हलपर, देशागणिक दर कुठे ठेवत बसणार?" अरे बाबा, ॲप स्टोअरवर, स्टीम या गेम्सच्या ऑनलाइन दुकानात ती सोय कधीपासूनची आहे! सपोर्टचा वेळ सगळ्यांना सारखाच द्यावा लागतो, हे मान्य. पण आणखी एक कॉपी विकायला असा कितीसा खर्च येतो? व्हीपीएन लावून, म्हणजे इंटरनेटवर आपण दुसऱ्याच देशात आहोत असं भासवून, लोक स्वस्त दर लाटतात म्हणे. मग कार्ड कुठल्या देशाचं आहे ते बघा ना, पैसे घेताना कळतंच की! बसा डॉलर धरून. इकडे कोथरूडात पोरं क्रॅक केलेली, म्हणजे कुलूप तोडलेली फुकटची कॉपी पेनड्राइव्हवर फिरवताहेत.