‘विद्यार्थी सदस्य म्हणजे शोभेची बाहुली’ हे मला मान्य नाही

विद्यापीठाच्या नियामक मंडळावर विद्यार्थी सदस्यासाठी अर्ज मागवले, की एक मेसेज हमखास फिरतो: एका मताने काही होत नाही, निवड आधीच ठरलेली असते, वर अभ्यासाचं वाटोळं होतं, शोभेची बाहुली व्हायला अर्ज कशाला करता? हा मेसेज वाचून चांगली मुलं अर्ज अर्धवट सोडून देतात, म्हणून लिहायला बसले.

आधी मताचं बघू. मतदान येतं अगदी शेवटी, आणि बरेचसे ठराव त्याआधीच सहमतीने मार्गी लागलेले असतात. खरं काम चर्चेत होतं. विषयपत्रिकेत एक ओळ असते: ‘परीक्षा शुल्कात सुधारणा – मान्यतेसाठी.’ सुधारणा म्हणजे वाढ, हे फी भरणाऱ्याला पहिल्या वाचनात कळतं. नित्याच्या विषयांच्या गठ्ठ्यात असली ओळ चर्चेविना मंजूर होऊन जाते. पण ‘हा विषय वेगळा घ्या’ असं एका सदस्याने म्हटलं, तर बहुतेक मंडळांत तो वेगळा घ्यावा लागतो. मग वाढ किती, ती चालू वर्षाच्या मुलांनाही लागू होणार का, हप्त्याची सोय राहणार का, याची उत्तरं द्यावी लागतात. शिवाय विरोध असेल तर तो इतिवृत्तात नोंदवून घेता येतो. यातल्या कशालाच बहुमत लागत नाही.

काही ठिकाणी विद्यार्थ्याला मताचा अधिकारच नसतो, हेही खरं. अर्जाआधी नियम वाचा. पण सगळीकडे तसं नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या २६ जणांच्या मंडळात विद्यार्थ्याला पूर्ण मत आहे. १९७४ साली कॅलिफोर्निया राज्याच्या घटनेत दुरुस्ती झाली आणि १९७५ पासून ही जागा भरली जाऊ लागली. निवडलेला विद्यार्थी पहिलं वर्ष मताविना बसून कारभार शिकतो, दुसऱ्या वर्षी मत देतो. बाहुलीला इतकं कोण शिकवतं?

‘निवड आधीच ठरलेली असते.’ वशिला कुठेच चालत नाही असं मी म्हणणार नाही. पण ‘मला नेतृत्वाची आवड आहे’ या वाक्याने सुरू होणारा अर्ज वशिल्याविनाही मागे पडतो. मागच्या वर्षभराची इतिवृत्तं काढून वाचा. त्यातला एक निर्णय निवडा, तो तुमच्या वर्गापर्यंत कसा पोचला ते लिहा.

मुलाखतीत एका प्रश्नाची तयारी हवीच: विद्यार्थ्यांची मागणी आणि संस्थेचं हित एकमेकांच्या आड आलं तर? ‘मी कायम विद्यार्थ्यांच्या बाजूने’ हे उत्तर मनापासून दिलेलं असलं, तरी चुकीचं आहे. विद्यार्थी संघटनेचा प्रतिनिधी मागणी मांडतो. मंडळाच्या सदस्यावर मात्र संपूर्ण संस्थेची जबाबदारी असते. मुलांचं म्हणणं त्याने तिथे पोचवायचंच, पण निर्णय स्वतःच्या विवेकाने घ्यायचा. आणि गोपनीय बैठकीतलं बाहेर बोलायचं नाही, मित्रांनी कितीही खोदून विचारलं तरी.

अभ्यासाचा मुद्दा मात्र मेसेजमधला सगळ्यात खरा. बैठकीचे कागद जाडजूड असतात, बैठका तासांच्या वेळेतच पडतात. विभागप्रमुखांशी आधी बोला. शेवटच्या सत्राचा प्रकल्प गळ्याशी आलेल्यांनी यंदा थांबावं.

बाकीच्यांनी शिफारसपत्रासाठी शिक्षकांना दोन आठवडे आधी गाठा, आणि जाताना अर्जाचा मसुदा सोबत न्या.