सीबीटी म्हणजे ‘सकारात्मक विचार’ नव्हे

दापोली-गुहागरकडच्या ग्रुपांवर सीबीटीबद्दल (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे मनाच्या आजारांवरचा बोलून केला जाणारा उपचार) एक मेसेज फिरतोय: ‘सीबीटी म्हणजे सकारात्मक विचार. रोज आरशासमोर “मी आनंदी आहे” म्हणा, गोळ्या बंद करा.’ हे चुकीचं आहे, आणि गोळ्यांचा सल्ला तर धोक्याचा.

१९६०च्या दशकात अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आरोन बेक यांनी ही पद्धत मांडली. तिथे विचार गोड करत नाहीत, तपासतात. समजा, अवकाळी पावसाने हापूसचा मोहोर काळा पडला. बागायतदार म्हणतो, ‘मला काहीच जमत नाही.’ त्याला ‘सगळं छान होईल’ सांगणं म्हणजे जखमेवर मीठच. सीबीटीत तो वहीत हा विचार लिहितो. शेजारी पुरावा: शेजारच्या बागेतही मोहोर गेला, गेल्या वर्षी पेट्या भरल्या होत्या. नुकसान खरंच आहे, ‘मी नालायक’ हा निष्कर्ष खरा नाही. आणि मग दुसऱ्या दिवशी बागेत जायचं, कारण वागणं बदलणं हा उपचाराचा अर्धा भाग.

‘ओव्हरथिंकिंग’, ‘ट्रिगर’ हे शब्द आता आपल्या पडवीतही ऐकू येतात. मला ते बरंच वाटतं. पण शब्द म्हणजे उपचार नव्हे. गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. बोलायचं असेल तर टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मोफत आहे.