फिल्मवर खेळ टिपायला एफ5च लागतो?

नव्याने फिल्म-रोलवर फोटो काढू लागलेल्या मुलांमध्ये एक मेसेज फिरतोय: ‘फिल्मवर खेळ टिपायचाय? मग निकॉन एफ5 किंवा कॅनन ईओएस-1व्ही कॅमेरा, 300 एमएम एफ 2.8 लेन्स आणि 800चा रोल. सेकंदाला आठ फ्रेम हव्यातच, आणि ऑटोफोकसही. हे जमत नसेल तर नाद सोडा.’ तो वाचून ओळखीतल्या एकाने चांगला चालता निकॉन एफएम2, हाताने फोकस करायचा कॅमेरा, विकायला काढला, म्हणून हे लिहितोय.

आधी रोल. त्याचा आकडा जितका मोठा, तितका कमी प्रकाश त्याला पुरतो; लेन्सचा एफ आकडा जितका लहान, तितका जास्त प्रकाश ती आत घेते. भर उन्हात 800च्या रोलला एफ 16 वर साधारण 1/800 सेकंद पुरतं. तेवढाच प्रकाश एफ 2.8 वर घ्यायचा तर शटर 1/25,000च्या आसपास हवं. मेसेजमधल्या दोन्ही कॅमेऱ्यांचं शटर 1/8000ला थांबतं. म्हणजे ज्या एफ 2.8 साठी एवढे पैसे ओतायचे, तेच याच मेसेजमधल्या रोलमुळे दुपारभर वापरता येत नाही! उन्हातल्या सामन्याला 100चा रोल घाला. एफ 4 वर 1/1600 मिळतं, मागची गर्दी विरघळते आणि ग्रेनही, म्हणजे फोटोतले दाणेही, बारीक राहतात. 800 किंवा पुश केलेला (मोठ्या आकड्याचा समजून वापरलेला आणि जास्त वेळ डेव्हलप केलेला) 400 संध्याकाळसाठी ठेवा.

‘सेकंदाला आठ फ्रेम हव्यातच.’ कशासाठी? त्या वेगाने 36चा रोल साडेचार सेकंदांत संपतो. 1/1000 वर त्या आठ फ्रेम मिळून सेकंदाच्या हजार भागांपैकी आठच भाग टिपतात, बाकीचे 992 निसटतात. ताशी 130 किलोमीटरने आलेला चेंडू दोन फ्रेमच्या मधे साडेचार मीटर पुढे गेलेला असतो. बॅटला लागलेला चेंडू फोटोत येतो तो खेळ ओळखून बोट दाबल्यामुळे. 1960च्या ब्रिस्बेनच्या टाय कसोटीत जो सॉलोमनच्या थ्रोवर इयन मेकिफ रनआउट झाला, तो क्षण ‘द एज’ या वृत्तपत्राच्या रॉन लव्हिट यांनी टिपला. त्यांच्याकडे तेव्हा एकच एक्स्पोजर उरलं होतं.

लेन्सबद्दल तर मेसेज कोणता खेळ हेही विचारत नाही. 70 मीटरवरच्या सीमारेषेपासून 300 एमएमच्या आडव्या फ्रेममध्ये फलंदाज जेमतेम एक तृतीयांश उंची भरतो. क्रिकेटला ती अपुरीच. उलट कबड्डीत खेळाडू आठेक मीटरवर असतो, तिथे 85 एमएम त्याला डोक्यापासून पायापर्यंत फ्रेममध्ये बसवते. आणि 85ची एफ 1.8 लेन्स त्या महागड्या 2.8 पेक्षा जवळपास अडीचपट प्रकाश घेते. स्वस्त 70-300 झूम मात्र टाळा. 300 वर ती एफ 5.6 होते, म्हणजे 2.8च्या पाव प्रकाश.

ऑटोफोकसचं म्हणणं अर्धं खरं आहे. थेट अंगावर धावत येणारा फुटबॉलपटू लांब लेन्सने टिपायचा असेल तर एफ5चा ऑटोफोकस फार मोठा आधार आहे, हे मी मान्य करतो. पण ज्या खेळात रेषा ठरलेल्या असतात, तिथे रेषेवर फोकस लावून थांबता येतं.

मागच्या हिवाळ्यात गावातल्या कबड्डीच्या सामन्यांना मी हेच केलं. हॅलोजनच्या उजेडात एफएम2, 85 एमएम, 1600ला पुश केलेला एचपी5 (400चा कृष्णधवल रोल), फोकस मध्यरेषेवर. चढाई करणारा पोरगा तिघांच्या पकडीत आडवा झाला, पाय मागे ओढले जात होते आणि उजवा हात रेषेकडे सरपटत होता. खांदा ताणला गेला तेव्हाच मी बटण दाबलं. आरसा वर गेला, व्ह्यूफाइंडर क्षणभर काळा झाला, आणि बोटं रेषेला लागलेली मला दिसलीच नाहीत. ती निगेटिव्हवर दिसली, नखाखालच्या मातीसकट.