पिकअपला अलाइनमेंट लागत नाही? अर्धंच खरं

इंदूरच्या आपल्या गाडीवाल्यांमध्ये दोन दिवसांपासून अलाइनमेंटबद्दल (चाकांचे कोन जुळवून घेणं) एक मेसेज फिरतोय: "पिकअपला मागे पाट्यांच्या स्प्रिंगा आणि सरळ अ‍ॅक्सल, म्हणून अलाइनमेंट लागत नाही. स्टिअरिंग ओढत नसेल तर पैसे वाया."

मागच्या अ‍ॅक्सलला बहुधा अ‍ॅडजस्ट करण्यासारखं काही नसतं, हे बरोबर. पण पुढच्या चाकांचा टो (वरून पाहिलं तर चाकं आत किंवा बाहेर किती वळलीत ते) बिघडतोच. आणि तो दोन्ही बाजूंना सारखा बिघडला तर गाडी अगदी सरळ धावते, टायर मात्र खात राहते. चोइथराम मंडीत माल उतरवून झाला की पुढच्या टायरवरून तळहात आडवा फिरवून बघा. (टायरमधली तार वर आली नाही ना, ते आधी पाहा!) एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तर टो गेलाय असं समजा.

गाडी ओढते म्हणजे अलाइनमेंटच, असंही नाही. आधी हवा बघा, मग एखादा ब्रेक धरतोय का ते. ८० किमी वेगाच्या आसपास स्टिअरिंग थरथरतं, ते बहुतेक वेळा बॅलन्सिंगचं (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करण्याचं) काम.

साधारण १०,००० किमीला तपासून घ्या. कंपनीचं पुस्तक वेगळं सांगत असेल तर तेच खरं. टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) बदलला किंवा गाडी खड्ड्यात जोरात आपटली, तर लगेच. एंडमध्ये प्ले (ढिलेपणा) असताना अलाइनमेंट करणं मात्र खरंच पैसे वाया. मी केलंय, दोनदा.